प्रश्न क्रमांक एकतीस

'मी बडबड्या माणूस आहे.'
मुळीच नाही, फारसा नाही, सांगता येत नाही, बऱ्यापैकी, अगदी.
पाचांतल्या एका चौकटीत फुली मारा.
विल्लू उइबोने पहिल्या चौकटीत मारली,
पेन इतकं दाबून
की पानामागच्या प्रश्न क्रमांक सत्तेचाळीसवर
('मी कधीच कुणावर रागावत नाही')
तिचा वळ उठला.

माणूस स्वतःबद्दल लिहितो ते कितपत खरं,
हे तपासायचं काम आमच्याकडे आहे.
तार्तूत, नदीच्या अंगाला, तिसऱ्या मजल्यावर,
डिसेंबरात साडेतीनलाच दिवे लावावे लागतात अशा खोलीत.
एकशे बारा माणसांच्या खिशात आम्ही
काडेपेटीएवढं यंत्र ठेवलं.
दर बारा मिनिटांनी ते जागं होतं,
तीस सेकंद ऐकतं, परत झोपतं.
कधी जागं झालं ते खिशाला कळत नाही.
मग मी हेडफोन लावून बसते,
आपलं झाकून, दुसऱ्याचं वाकून.
फक्त इथे त्याचा पगार मिळतो.

हेल्वे लाउर, शाळेत गाणं शिकवते,
एकतीसला 'अगदी' लिहिते.
तिच्या रविवारात सापडलं:
नळ. नळ. बातम्या. बशीवर चमचा.
'हो.' नळ.

मार्गुस विमा विकतो. 'मी मनमोकळा हसतो.'
चार दिवस एकदाही नाही.
पाचव्या दिवशी, जिन्यात कुणीतरी घसरून पडल्यावर.
हे धरायचं का, मी लाल शाईत विचारलं.
उत्तर आलं: हसणं ते हसणं.

आणि विल्लू.
व्होरूच्या पुढे लाकडाच्या गिरणीत रात्रपाळीचा राखणदार.
एकटा, संध्याकाळी सहा ते सकाळी सहा.
तुकडा चौथा: 'काय गं, गारठलीस?'
(मागे मोठी करवत घुरघुरत थांबते.)
तुकडा नववा: 'तेल आणतो ना. ओरडू नकोस.'
तुकडा सतरावा: एकशे अडतीस, एकशे एकोणचाळीस,
ओंडके चुकतात, स्वतःला शिवी, पुन्हा एक, दोन.
तुकडा तेविसावा: कोल्ह्याला दम.
तुकडा चोविसावा: त्याच कोल्ह्याची माफी.

सकाळी घरी
बायको बोलते. तो 'हं' म्हणतो.
नवऱ्याबद्दल बायकोने भरायचा फॉर्म वेगळा असतो.
त्यावर, प्रश्न एकतीस: मुळीच नाही.
समासात पेन्सिलने: त्यापेक्षा लाकूड बरं.

इतकं जुळणारं जोडपं आख्ख्या यादीत नाही.
नियमावली म्हणते, बोलणं म्हणजे कुणाशी तरी.
करवतीसाठी रकाना नाही. कोल्ह्यासाठीही.
अभ्यास चालवणारी केर्स्ती म्हणाली, शून्य घाल.
मी शून्य घातलं.
विल्लू खरा ठरला, त्याची बायको खरी ठरली,
आमची प्रश्नावलीसुद्धा थोडी अधिक खरी ठरली,
दशांशचिन्हानंतरच्या तिसऱ्या घरात.

यंत्र परत द्यायला तो स्वतः आला.
टोपी हातात, कोटावर भुसा.
'तुम्ही ऐकलंत सगळं?'
तुकडे तुकडे, मी म्हटलं.
'मग कसा आहे मी?'

आम्हाला मत द्यायला मनाई आहे. लेखी.
मी पावती पुढे केली, त्याने सही केली,
तीही दाबून.
जाताना दारापाशी थांबला
आणि बिजागरीला म्हणाला,
'कुरकुरतेस होय? बघतो तुझ्याकडे पुढच्या खेपेला.'

पुढची खेप नसते.
फेरचाचणी दोन वर्षांनी, टपालाने.

दुसऱ्या दिवशी मी घरून
शिवणयंत्राच्या तेलाची कुपी आणली.
खोलीत कुणी नव्हतं.
तेल घालताना मी काय बोलले
ते सांगणार नाही.
माझ्या खिशात यंत्र नव्हतं.