मानभावी : एक गुण

सहावीत गावंडे सरांनी फळ्यावर शब्दार्थ लिहिले,
खडू वाचवत, बारीक अक्षरात :
मायावी, मितभाषी, आणि मग
मानभावी – वरून साधा, आतून लबाड.
मी उतरवून घेतलं. काना, वेलांटी, सगळं.
चाचणीत एकाला एक गुण.

त्या दिवशी भागूआत्या आली होती रिद्धपूरहून.
काळं लुगडं, पायात वहाण नाही,
झोळीत तीन घरची भाकर.
मुंगी पायाखाली येईल म्हणून
कंदिलाशिवाय अंगणात न उतरणारी.
"दंडवत," म्हणाली. मला. अकरा वर्षांच्या पोरीला.
"काय शिकली वं आज? वाच."

मी वाचलं.
वाचून झाल्यावर कळलं, काय वाचलं.

आईचा हात पिठातच थांबला.
आत्या बोटांवर मोजत होती :
"म, हा, नु, भा, व.
निंगाले तवा पाच होते, बाई.
रस्त्यानं एक सांडलं, एकाचा उकार झिजला.
लोकायच्या तोंडातून इतके वर्सं चालत आलं,
झिजनारच.
पन मांगून हे वेलांटी कोनं बांधली?
कुत्र्याच्या शेपटीले डबा बांधते तशी?"

अन् हसली.
ते हसू मला अजून नीट लागलेलं नाही.

मग कुणी न विचारता म्हणाली,
"आमची लिपी होती येक. एका अक्षराच्या जागी दुसरं.
कोनी वाचू नये म्हनून.
पोथ्या झाकल्या आम्ही.
नाव तेवढं उघडंच राह्यलं, वट्यावर."

आता मी तळणीच्या शाळेत शिकवते.
गाईड नवं, शब्द तोच.
त्याच्या खाली पाखंडी,
पाटलाच्या दारात हजेरीला उभे केल्यासारखे
दोघे शेजारी शेजारी.

तिसऱ्या बाकावरच्या निकेश ठोंबरेनं लिहिलं :
मानभावी – काळे कपडे घालतात.
आमच्या घरी येतात. आई ताक देते.
बिस्किट दिलं तर आधी विच्यारतात अंडं आहे का.

उत्तरसूचीत : ढोंगी.
मी 'विच्यारतात'ला गोल केला
आणि एक गुण दिला.

बेरीज करताना पुन्हा तिथेच थांबले.
माझा सहावीतला एक गुण
अजून माझ्याकडेच आहे.
गावंडे सर वारले. आत्याही.