अर्धा सूत

शारजात, सजाच्या शेडमध्ये, सकाळी सहालाच
पत्रा तापून कडकड वाजतो.
मोफिजुलने रात्री क्लॅम्प आवळले, एकट्याने,
आणि सरस ओला असतानाच फळी घसरली.
आता दोन सागवानी फळ्यांमध्ये
अर्ध्या सुताची पायरी.
डोळ्यांना दिसत नाही. बोटाला मात्र ठेच लागते.

कोशी म्हणाला, सँडर फिरव, गुरुवारी डिलिव्हरी.
मी म्हटलं, परवा.
सरसातलं पाणी लाकूड पितं,
सांध्याशी फुगून बसतं.
आज सपाट केलं
तर महिन्याभराने, एसीच्या हवेत,
तिथेच चर पडेल.
"तोवर पैसे आलेले असतील," कोशी.
खरंय. पण चर माझ्या नावावर राहील.

मोफिजुल दिवसभर बोलला नाही.
डबा उघडला, पुन्हा झाकला.
आमच्या राजापुराकडे म्हणतात, दोघांचं सूत जुळलं.
हे त्याला कसं सांगू?
माझी हिंदी तोडकी, त्याची त्याहून.

तिसऱ्या दिवशी आधी पटाशीने
सरसाचे वाळलेले मणी उडवले.
काचच ती, रंध्याच्या पात्याला खपत नाही.
मग पेन्सिल त्याच्या हातात दिली:
सांध्यावरून आडवं काहीही गिरव.
त्याने रेघा मारल्या नाहीत.
नाव लिहिलं, बंगालीत,
आपल्यासारखंच शिरोरेघेला लटकलेलं,
अर्धं या फळीवर, अर्धं त्या.

रंधा तिरका धरला.
उंच फळीवरून पहिली ढलपी निघाली
कांद्याच्या पापुद्र्याएवढी,
तिच्यावर 'म'चा शेपूट.
तो हसला. दोन दिवसांत पहिल्यांदा.
दुपारपर्यंत वरची अक्षरं भुशात गेली,
खालच्या फळीला पातं अजून पोचलंच नव्हतं.
शेवटी एक 'ल' उरला.
तो त्यानेच काढला,
रंधा त्याच्या मुठीत,
माझा हात त्याच्या मनगटावर, नुसता.

दिवे घालवले. मोबाइलचा उजेड आडवा टाकला.
सांध्याची सावली पडली नाही.

गुरुवारी गिऱ्हाईक आलं.
पांढऱ्या बाहीतला हात टेबलावरून फिरला
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
कुठेच थांबला नाही.

मोफिजुल मात्र बघत होता
बरोबर तिथे.