वाढ शून्य

ट्रॉनहाइममध्ये डिसेंबरात दुपारी अडीचलाच अंधारून येतं.
ब्राउझरच्या एका टॅबमध्ये मी स्यूरमामाचं यीस्ट उघडून बसले आहे :
अकराशे त्रेचाळीस अभिक्रिया, नऊशे दोन पदार्थ,
साखर आत येण्याची एक वाट, मद्य बाहेर जाण्याची एक.
मधे सगळा जमाखर्च.
इथे उधारी चालत नाही.
जे बनेल ते त्याच क्षणी कुणीतरी संपवायचं,
शेवटच्या प्रोटॉनपर्यंत मेळ बसला पाहिजे.

बटण दाबते.
कुठल्याशा देशातला सर्व्हर दीड सेकंद विचार करतो
आणि लिहितो : वाढ शून्य.

गेल्या रविवारी, हार्डांगरला, मामाच्या तळघरात
हेच यीस्ट पिंपातून उसळून वर आलं होतं,
फेस काठावरून उतरला तो थेट त्याच्या बुटात.
त्याआधी वर्षभर ते खुंटीवरच्या लाकडी कड्याला चिकटून
वाळत पडलं होतं, जुन्या रंगाच्या पोपड्यांसारखं.
वाढ शून्य म्हणे.

प्रोग्राम मदतीला तत्पर.
खाली निळ्या अक्षरांत विचारतो : पोकळी भरू का?
एक अभिक्रिया घातली की पेशी जगेल.
पुरावा : नाही.
जनुक : सापडलं नाही.

मी मामाला फोन लावते.
ओततेवेळी काय काय घालतोस रे यात?
"जुनिपरचं पाणी. माल्ट."
आणखी?
"काही नाही." मग जरा थांबून,
"ओरडतो."
काय?
"यीस्ट पिंपात पडलं की ओरडायचं. जोरात.
आजोबा ओरडायचे, मी ओरडतो.
पुटपुटलास तर बिअर मिळमिळीत होते."
मागे मामी हसते की खोकते,
फोनवर कळत नाही.

ओरडण्याला रकाना नाही.
मी पोकळी भरू दिली,
टिपेत लिहिलं : पुरावा नाही, पेशी मात्र जिवंत आहे.
पुन्हा बटण.
वाढ, दर तासाला शून्य पूर्णांक एकतीस.
हिरव्या बाणांतून साखर धावू लागली,
कागदोपत्री.

हेल्गे घरी गेला होता.
बोळात फक्त फ्रीझरची घरघर.
मी दार लावून घेतलं,
स्क्रीनजवळ तोंड नेलं
आणि पहिल्यांदा नुसतीच पुटपुटले, लाजून.
मग ओरडले.

आकडा तोच राहिला.
खाली बर्फात सायकल ढकलत चाललेली एक मुलगी
थांबली, मान वर करून
उजेड असलेल्या खिडक्या मोजत राहिली.