गंजाचे पंख

हसुराम तांडेल बोटीवर भंडारी होता.
दर्बानच्या धक्क्याला सात महिने अडकली बोट.
मालक पळालेला, पगार थकलेला,
भटारखान्यात तांदूळ आणि कांदे.

दिवाळ्याच्या जेट्टीवर जाळं सांधता सांधता
तो मला त्या पक्षिणीबद्दल सांगतो :
"दिसाला आपली सालुंकीच. पन काली कुलकुलीत,
डोल्याला पिवला काठ नाय."
बसली की नुसता कोळसा.
उडाली, की पंखांत गंज,
बोटीला चढला होता तसाच, तांबडा.

खायची काय?
"काय नाय ते इचार."
भाताची शितं. उंबरं. टोळ.
कोरफडीच्या फुलात डोकं खुपसून
कपाळाला पिवळं माखून यायची, हळद लागल्यासारखी.
रानात म्हणे जिराफाच्या अंगावरच्या गोचिडी टिपते.
"जिराफ काय मना दिसला नाय.
मना दिसली ती क्रेन."

तिचं खरं घर कडा.
बंदर आलं, तेव्हा
तिनं क्रेनलाच कडा मानलं.
वर चिखलाची वाटी, आत गवत, आणि केस.
न्हावी नव्हता; ऑईलवाल्यानं डेकवर कात्री चालवली,
ती खाली उतरली, झुपका उचलला,
परत आली, दुसरा उचलला.

इथं पारसिकचा डोंगर
खाणीनं अर्धा खाल्लेला.
हसुरामची खाजणातली शेती सिडकोनं घेतली,
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर आता चार मजले,
तिसऱ्यावर तो.
एक्झॉस्टच्या भोकात साळुंकीचं जोडपं,
खाली काड्या, प्लास्टिक, चिप्सचं चंदेरी पाकीट.
सून जयवंतीनं जाळीवाला बोलावला.

तो ड्रिल घेऊन आला. हिरवी नायलॉन.
हसुरामनं अंगठा घालून पाहिला :
"आस केवढा?"
पोराला शब्दच कळला नाही.
मग म्हणाला, मार बाबा खिळे,
तो वरचा कोपरा तेवढा मोकला सोर.

जयवंती अजून बोलत नाही त्याच्याशी.

सकाळी विंचरून झालं की
फणीतले केस, आता पांढरे,
तो कठड्यावर ठेवतो, वर दोन शितं.
शितं जातात.
केस अजून कोणी नेले नाहीत;
दुपारी खाडीचा वारा सुटतो,
तो नेतो.