पाचला देतो

उद्यमबागेत, तिसऱ्या गेटच्या पलीकडं,
फाउंड्रीची काळी रेती जिथं डब्यातल्या भातापर्यंत पोचते,
तिथं मी क्रँकशाफ्टचे व्यास मोजते.
मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडंतिकडं चालत नाही.
म्हणून वाटलं होतं,
आपला हिशेब आपल्याला जमेल.

बँकेतल्या बाई म्हणाल्या, नोड्री, तुमचं काहीच दिसत नाही.
कर्ज नाही, हप्ता नाही, थकलेलं काही नाही.
मला वाटलं, शाबासकी देतायत.
तसं नव्हे, म्हणाल्या.
कधी कुणाचं घेतलंच नाही,
तर परत देता की नाही ते कळावं कसं?

मग बोनसचे वीस हजार मुदतीला बांधून ठेवले,
त्यांच्या जामिनावर कार्ड आलं, मर्यादा अठरा हजार.
आधारावर कानडीत मी एक सुलक्षा,
दहावीच्या दाखल्यावर दुसरी,
कार्डाच्या इंग्रजी उठावात तिसरीच कुणी.
तिघींत मिळून एक पत.

कानडीत साल म्हणजे कर्ज.
आमच्यात साल म्हणजे वर्ष,
नाहीतर केळ्याचं, पाय घसरवणारं.
येळ्ळूरच्या बसमध्ये हे सगळे अर्थ
एकमेकांच्या मांडीवर बसून येतात.

पहिली खरेदी सेफ्टी बूट, दोन हजार तीनशे चाळीस.
मशीन वाजलं आणि पर्समधून काहीच गेलं नाही.
भीती वाटली ती तिथं.
नोट सुटताना बोटाला कळतं,
याला बोटच नाही.

शेजारच्या लेथवरचा भैरू म्हणाला,
मिनिमम भर की, पंधराशे. बाकीचं बघता येतं.
त्याचा मोबाइल दिवाळीत आला, तीस हजारांचा.
शिमग्याला काच फुटली,
तीस हजार मात्र धडधाकट राहिले,
वाढले सुद्धा.

मी मार्करनं मशीनच्या पत्र्यावर तारीख लिहिली,
मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याला रेघ मारली,
आणि तरी एका महिन्यात चुकले.
गावची जत्रा, घरात बावीस पाहुणे,
मी भाकऱ्या थापत होते आणि तारीख निघून गेली.
दंड पाचशे.
न्हाणीत पाणी सोडून रडले. आईला ऐकू आलंच.

तिनं फळीवरची वही काढली.
मल्लेशप्पाच्या दुकानाची, उद्रीची, पानं तेलानं पारदर्शक.
दर महिन्याच्या पाचला एक तिरकी रेघ. भागलं.
बाबांच्या कारखान्याला टाळं होतं
त्या महिन्यांत साखर अर्धा किलो,
रेघ पाचलाच.
"आधी तोंडानं सांगायचं गे, पाचला देतो.
मग तेवढंच घ्यायचं, जेवढं पाचला देता येतंय."
बँकेच्या पुस्तिकेत हे अकरा पानं होतं.

साल उलटलं. फोनवर आकडा आला, सातशे अठ्ठेचाळीस.
आई म्हणाली, कितीपैकी?
नऊशे.
मग बाकीचे कुठं गेले?
म्हटलं, त्यांना अजून साल लागेल.
कुठलं साल, ते तिनं विचारलं नाही.

गंमत म्हणून तिचाही नंबर घालून बघितला.
उणे एक.
पूज्यसुद्धा नाही.
वही परत उघडली. बावीस वर्षांच्या रेघा,
आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर
परशराम बस्तवाडकर, येळ्ळूर.
जे दुकानात कधी गेलेच नाहीत.

मी सांगणार नव्हते. तोंडून गेलं.
ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली.

पाच तारखेला मल्लेशप्पानं नवी वही काढली,
सवयीनं प, र इतकं लिहिलं.
आई म्हणाली, थांबा.
शेवंता लिहा.
त्यानं चष्म्यावरून बघितलं,
आय्तु म्हणाला, आणि पान उलटलं.
"साखर किलोभर," आई म्हणाली.
"पाचला देतो."