विडीएवढं लिंबू

कुरियरवाल्याने खोका दिला तेव्हा
अनसूयाने आधी बिल वाचलं.
"साडेसहा हजार विड्या," म्हणाली.
रुपयांत ती बोलतच नाही.

आत वीतभर काडी. पानं मंजिरीएवढी,
काटे मात्र भरघोस,
आणि एक चिठ्ठी: मूळ ऑस्ट्रेलियाच्या जंगलातलं.
सावली आवडते. पाणी गोडं लागतं.
सावली, गोडं पाणी,
आणि पत्ता विडी घरकुल, तिसरी गल्ली, सोलापूर.

गच्चीवर माझी मंडळी आधीपासून होती.
रंगाच्या ड्रममध्ये ईडलिंबू,
फुटक्या टबात महाळुंग, अंगाला सगळे टेंगूळ,
आणि एक पपनस,
आठ वर्षं नुसती पानं देणारं.
त्याला मी काही म्हणत नाही.
मलाही जॉबर व्हायला एकवीस वर्षं लागली.

मे महिन्यात पत्र्याला हात लावू देईना.
नळ पाचव्या दिवशी, तोही रात्री दोनला.
काडी वरून काळी पडत खाली आली,
रोज एक पेर.
डाग पडलेल्या लॉटमधला टॉवेल भिजवून
मी तिच्यावर तंबू केला.
जूनपर्यंत हिरवा राहिला दोन बोटं तुकडा,
त्यावर एकच डोळा.

तो ईडलिंबावर भरायचा ठरवला.
हात माझे मागावरचे,
तुटलेला धागा गाठ मारून पुढे ढकलणारे.
ही गाठ वेगळी:
सालीला उभी चीर, वर आडवी,
हवा लागायच्या आत डोळा आत.
दोनदा कंप सुटला.
तिसऱ्यांदा ती मांडीवरचं सूप खाली ठेवून उठली.
विड्यांची तोंडं मुडपणाऱ्या नखाने
साल अलगद उचलली,
डोळा सरकवला,
आणि विडीच्याच गुलाबी दोऱ्याने
खालून वर आठ वेढे.
"लेबल लावू का?" म्हणाली असावी.
माग बंद पडले तरी माझ्या कानात खटखट चालू आहे.
तिचं हसणं मी बघतो.

मग बरीच वर्षं काही झालं नाही.
म्हणजे अळ्या झाल्या,
पाखराच्या शिटेसारख्या, चिडल्या की नारिंगी शिंगं काढणाऱ्या.
खालच्या येमुलांची शिरीषा त्या काडेपेटीत भरून न्यायची,
फुलपाखरू झालं की वर आणून दाखवायची
आणि आमच्यासमोरच सोडायची.
ते पुन्हा माझ्याच झाडावर अंडी घालायचं.

गड्ड्याची जत्रा उठली त्या आठवड्यात
चार फुलांतलं एक टिकलेलं दिसलं.
पिकलं तेव्हा विडीएवढं, विडीच्याच रंगाचं.
"पेटवायचं कुठून?" येमुल म्हणाला. सगळे हसले.
मीही, थोड्या उशिराने.

ताटलीत आडवं कापून दाबलं.
भिजल्या साबुदाण्याहून बारीक दाणे
फिकट गुलाबी, एकेक सुटा,
सांडतच राहिले.
अनसूया मोजायला लागली.
पंचवीस झाले तशी थांबली,
हात कट्टा बांधायला दोऱ्याकडे गेला,
तिचा तिलाच कळला, परत आला.

मी एक दाणा दाढेखाली धरला.
फुटला.
तो मला ऐकू आला.
कानातून नाही, जबड्यातून, आतल्या आत:
टच्.
दुसरा. टच्.
खटखटीच्या अलीकडे, अगदी स्वच्छ.

"कसंय?" तिच्या ओठांवर वाचलं.
मी बोट वर केलं. थांब जरा.

ती कशाला थांबते.
उरलेले दाणे तिने दहीभातावर घेतले,
एक डोळा मिटला आंबटपणाने,
आणि साडेसहा हजारांतले पंचवीस
वजा केले.