कारणाचा रकाना

अल्माटीत चढ म्हणजे दक्षिण, उतार म्हणजे उत्तर.
पत्तासुद्धा असाच सांगतात इथे: डोंगराकडे दोन चौक, मग डावीकडे.
जानेवारीत मात्र सगळ्या वाटा
माझ्या टेबलाशी येऊन थांबतात.

मी प्लास्टर घालते.
कोमट पाण्यात पट्टी बुडवायची,
बुडबुडे थांबेपर्यंत थांबायचं,
पिळायची, गुंडाळायची.
बहुतेक मनगटंच असतात.
पडताना माणूस हात पुढे करतो,
जशी जमिनीशी ओळखच करून घ्यायची आहे.

मग अर्ज. नाव, वय, ठिकाण.
ठिकाण: बँकेच्या पायऱ्या.
ठिकाण: बँकेच्या पायऱ्या.
ठिकाण: अरिक, म्हणजे फुटपाथशेजारचा उघडा पाट,
बर्फाखाली दिसला नाही.
ठिकाण: पुन्हा त्याच पायऱ्या.
पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणे.
मागचा अर्ध्या तासाने आला,
उजवं मनगट डाव्या हातात धरून.

शेवटचा रकाना, कारण.
सगळे एकच सांगतात: पाय घसरला.
व्याकरण शिकवणाऱ्या एक बाई आल्या होत्या,
त्यांनीही तेच सांगितलं.
पाय कर्ता. घसरणं त्याचं.
आरशासारखा घासलेला ग्रॅनाईट
वाक्यात कुठे नाहीच.
आणि पडल्यावर, दुखायच्याही आधी,
कोणी पाहिलं का म्हणून आजूबाजूला बघितलं
हे तर कुणी सांगतच नाही.

अंगण वाकडं म्हणणाऱ्याला हसायची रीत आहे.
पण अंगण खरंच वाकडं असेल तर?
एकदा मी लिहिलं: फरशी.
डॉक्टर झुनुसबेकोव्हांनी काट मारली,
वर लिहिलं, निष्काळजीपणा.
रागावले नाहीत. त्यांची ती रात्रीतली एकोणिसावी सही होती.

कुल्याश ट्रामवर कंडक्टर होती.
सव्वीस वर्षं चालत्या डब्यात उभी,
तिकीट फाडताना, सुटे मोजताना,
कधी पडली नाही.
पडली ती जागची न हलणाऱ्या पायरीवर.
प्लास्टर ओलं होतं तेव्हा म्हणाली,
माझ्याकडे कोळशाची शेगडी आहे अजून.
मला वाटलं, थंडी वाजतेय तिला.

दुसऱ्या आठवड्यात पाळी संपवून निघाले
तर सकाळी सहाच्या अंधारात ती पायऱ्यांवर वाकलेली.
दूध पावडरचा डबा, झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं,
धड हाताने राख पेरत होती,
कडेकडेने, कंजूषपणे, पुरवून पुरवून.
मी वर चढले. बुटाखाली कर्र वाजलं.
इतका सुंदर आवाज
मी त्या हिवाळ्यात दुसरा ऐकला नाही.

नऊ वाजता तालगात झाडतो सगळं.
रखवालदार आहे, झाडणं त्याच्या कामात नाही,
पण ग्राहकांच्या बुटांनी गालिचा मळतो म्हणून वरून हुकूम.
सहा ते नऊ. तेवढ्यात जातात
बेकरीतल्या दोघी पोरी, शाळेची सफाईवाली,
ट्रम्पेटची पेटी छातीशी धरलेला एक मुलगा.
सव्वानऊला ज्यांना पेन्शन काढायची असते
ते माझ्याकडे येतात.

फेब्रुवारीत कधीतरी पाहिलं,
कठड्यालगत राखेचा पट्टा तसाच होता,
एका माणसापुरता रुंद, दुपारी बारालासुद्धा.
तालगातला विचारलं.
झाडू तिथवर पोचत नाही, म्हणाला,
आणि झाडूच्या लांब दांड्याकडे
आम्ही दोघांनीही बघायचं टाळलं.

आज कुल्याशचं प्लास्टर कापलं.
पांढरं घातलं होतं मी, निघालं ते करडं,
बोटांच्या बेचक्यांत, कोपराच्या घडीत राख.
हात बारीक झालाय. तिने तो उलटसुलट करून पाहिला,
नोट खरी की खोटी पाहावी तसा.
कापताना थोडी राख खाली सांडली.
फरशी नुकतीच पुसलेली, अजून ओली होती.
कुंचा कोपऱ्यातच होता.
तसाच राहू दिला.